इंटरव्हलमध्ये सांग

रविवार, १० ऑगस्ट

आजपासून आमच्या घरात दर रविवारी संध्याकाळी सिनेमा. टीव्ही परागचा, हुकूम माझा. भलामोठा पडदा भिंतीवर लटकून दोन महिने झाले, पण त्यावर घरातल्या चौघांनी मिळून एक अख्खी गोष्ट पाहिली असेल तर शपथ. लालबागची खोली विकून इथे भाईंदरला, इंद्रलोकला आलो तेव्हा वाटलं होतं, आता हॉल आहे, ऐसपैस बसू, गप्पा मारू. हॉल आला, सोफा आला, गप्पा तेवढ्या लालबागलाच राहिल्या. इथे चार माणसं एका सोफ्यावर बसतात आणि त्यातली तीन भलत्याच गावाला गेलेली असतात.

नियम सांगितले. सहाला सुरू. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. बरोबर मध्यावर मी रिमोटने सिनेमा थांबवणार, तो इंटरव्हल. चहा, चिवडा, ज्याला जे काही बोलायचं ते तेव्हा. हल्ली ओटीटीवरच्या सिनेमांना इंटरव्हलच नसतो, सुरू झाला की शेवटपर्यंत सुसाट. माणसाने दम कधी खायचा? म्हणून आमच्या घरात इंटरव्हल मी देतो.

पहिला प्रयोग पडला. पराग टीव्हीसमोर बसून मोबाईलवर भलतंच बघत होता. एक माणूस कलिंगड कापतोय, मग दुसरा माणूस कलिंगड कापतोय. हटकलं तर म्हणे, "बघतोय ना बाबा. कान इकडेच आहेत माझे." दहा मिनिटांनी त्याचा प्रश्न, "हा दाढीवाला कोण?" मी म्हटलं, "ज्याच्या तेराव्याला सगळे जमलेत, तो." सूनबाई सुरुची मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे, तिथले मेसेज म्हणे रविवारीही येतात. मनोरमाला साठीला मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हापासून आमची सौ.ही त्यातलीच. माझा फोन बटणांचा. वाजतो, उचलतो, बोलतो, ठेवतो.

एक गोष्ट ध्यानात आली. हल्ली सिनेमातली पात्रं जे करतात ते तोंडानेही सांगतात. "मी आता तुझ्या भावाकडे चाललोय." अरे, चाललायस ते दिसतंय की! पण करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, बघणारा मान खाली घालून बसलाय. त्याला नुसतं ऐकूनच कळायला हवं.

रविवार, १७ ऑगस्ट

आज खुनाचा सिनेमा होता, फार चांगला. तो बघितला मी एकट्याने. पराग ऑफिसच्या कॉलवर, गॅलरीत. सुरुची मान खाली. आणि नेमका इन्स्पेक्टर कपाट उघडतो त्या क्षणाला मनोरमा टीव्हीच्या आड येऊन उभी. उजव्या कानावर हात. सकाळपासून या कानाला दडा बसलाय, आतून शिट्टीसारखं वाजतंय, डावा आधीच अधू, डॉक्टरकडे जाऊन येऊ का, असं काहीसं. मी म्हटलं, "अगं बाजूला हो! इंटरव्हलमध्ये सांग."

इंटरव्हलमध्ये ती चहा करायला आत. कप घेऊन आली तोवर वेळ झाली होती, मी पुढे सुरू केलं. नंतर काही बोलली नाही. म्हणजे विशेष काही नसणार. सर्दी असेल.

खुनी वकील निघाला. मी आधीच ओळखलं होतं, पण सांगणार कोणाला?

शुक्रवार, २२ ऑगस्ट

डाळ करपली. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय, आणि बाईसाहेब ओट्याशी पाठ करून कोथिंबीर निवडतायत, शेजारी मोबाईल. मी हॉलमधून दोनदा ओरडलो. शेवटी उठून गॅस मीच बंद केला. ती दचकली, जणू मी चोर.

मग मी माझे तात्या काढले. कानामागे हात धरून, मान पुढे काढून, "काय म्हणालात? जरा मोठ्याने!" पराग खो खो हसला. आमच्या विमा कंपनीच्या ऑफिसच्या नाटकात मी बहिरे तात्या केले होते, सदतीस वर्षं झाली, अजून लग्नामुंजीत लोक फर्माईश करतात. तिसऱ्या अंकात मी वाक्य विसरलो. विंगेत प्रॉम्प्टर मनोरमा. तेव्हा ती आमच्या टायपिंग सेक्शनला होती, लग्न व्हायचं होतं. तिने हळूच वाक्य दिलं, मला ऐकू आलं नाही. दुसरा कोणी असता तर घाम फुटला असता. मी तसाच तात्यांच्या चालीने विंगेपाशी गेलो, कानामागे हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणालात? जरा मोठ्याने!" तिने बिचारीने खरंच मोठ्याने वाक्य दिलं. सगळं थिएटर कोसळलं. स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मला त्याच एका जागेवर मिळालं.

मनोरमा आज हसली नाही. म्हणजे हसली, पण नंतर, परागला हसताना बघून.

रविवार, ७ सप्टेंबर

गणपतीत दोन रविवार बुडाले. दीड दिवसाचाच आमचा, पण माणसांची ये-जा चालूच. आरतीला मनोरमा टाळ्या भलत्याच वाजवत होती, सगळे "जय देव"वर आणि ही आपली मागून. लक्ष कुठे असतं कोण जाणे.

आजचा प्रकार मात्र कळस होता. सासू-सून सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसलेल्या, दोघींच्या हातात मोबाईल. सुरुचीचे अंगठे एकसारखे चालू. ती टीव्हीकडे बघते, टाइप करते, टीव्हीकडे बघते, टाइप करते. मनोरमा टीव्हीकडे बघते, मांडीवरच्या फोनकडे बघते, परत टीव्ही. आणि विनोद होऊन गेल्यावर, आम्ही हसून गप्प झाल्यावर, ती हसते! एकटीच. आम्ही सगळे वळून बघतो.

मी इंटरव्हलला विचारलं, "एवढं काय महाभारत लिहिताय?"

सुरुची म्हणाली, "काही नाही बाबा. ऑफिसचं."

खोटं. पडद्यावर कोणी बोललं की हिचे अंगठे सुरू, पडदा गप्प की हीही गप्प. असं कुठलं ऑफिस असतं?

रविवार, १४ सप्टेंबर

देव पावला! मखराचं सामान माळ्यावर चढवताना नाटकाची कॅसेट सापडली. ती जुनी, काळी, जाड व्हिडिओ कॅसेट. ऑफिसातल्या कोणीतरी त्या प्रयोगाचं शूटिंग केलं होतं, हे मी पार विसरून गेलो होतो.

भाईंदर पश्चिमेला एका फोटो स्टुडिओत जितेंद्र म्हणून गुजराती पोरगा आहे, तो पेन ड्राइव्हवर घालून देतो. त्याने कॅसेट उघडून नाकाशी धरली. "काका, फंगस छे थोडी. साफ करना पडेगा. टाइम लगेगा, चलेगा?" मी म्हटलं, "भाई, सैंतीस साल रुका है, और थोडा रुकेगा."

तीस नोव्हेंबरला लग्नाचा वाढदिवस. रविवारच येतोय. त्या दिवशी घरात नाटक लावायचं. मनोरमाला आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं, कॅसेट हातात नाचवून. तेव्हा तिचे डोळे भरले. "आपलं नाटक?" म्हणाली. मग उठून आत गेली. आनंद असा पचवावा लागतो तिला.

तीस तारखेला मात्र या घरातला एकही मोबाईल चालू असता कामा नये. माझं नाटक कोणी अंगठा चालवत बघितलेलं मला खपायचं नाही. तोवर सगळ्यांना वळण लावतो.

रविवार, ५ ऑक्टोबर

वळण लावलं. फराळाचा मोठा स्टीलचा डबा टीपॉयवर ठेवला आणि सांगितलं, सिनेमा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे फोन यात. झाकण मी लावणार.

पराग म्हणाला, "बाबा, हे काय, तुरुंगात भेटायला आलोय का?" पण टाकला. सुरुचीने हुज्जत घातली. हॉस्पिटलमधून फोन येतो, हे, ते. मी म्हटलं, बिलं कोणी पळवून नेत नाही. शेवटी तिनेही टाकला. मनोरमाने मात्र फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी हात पुढे केला तेव्हा तिने सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीने खाली. एवढी सवय लागलीय की फोन देताना माणसाचं तोंड उतरतं! दारुड्याचं उतरतं तसं.

सिनेमाभर शांतता. देवळासारखी. किती दिवसांनी सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती.

संपल्यावर मी मनोरमाला सहज विचारलं, "शेवट कसा वाटला?" "छान होता," ती म्हणाली. "मग दागिने कोणी नेले होते?" सुरुची मध्येच बोलायला गेली, मी तिला हाताने थांबवलं. मनोरमा माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "मला डोळा लागला होता हो मधे."

साफ खोटं. मी अधूनमधून बघत होतो, डोळे टक्क उघडे होते. नुसते डोळे पडद्याकडे ठेवून मन फोनच्या डब्यात असलं की असं होतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. चकल्या खारट. डबा फराळाला लागतो म्हणून मनोरमाने मागितला, मी दुसरा दिला.

आज दोघी सकाळीच मीरा रोडला गेल्या. साडी बघायला, म्हणे, वाढदिवसाची. दुपारी रिकाम्या हातांनी परत. मी विचारलं, "मिळाली नाही?" सुरुची म्हणाली, "नाही बाबा. उशीर झाला." सकाळी दहाला दुकानं उघडतात आणि यांना उशीर झाला! मनोरमा सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. एका साडीपायी एवढा रुसवा? या वयात?

परागला विचारलं, आईला काय झालंय? तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "कुठे काय? मस्त आहे ती."

रविवार, ९ नोव्हेंबर

भांडण झालं. लिहायला नको, पण लिहितो.

सुरुचीने फोन डब्यात टाकायला चक्क नकार दिला. "बाबा, मला सिनेमाच्या वेळी फोन लागतो," म्हणाली. कशाला? सांगत नाही. "मी काही रील्स बघत नसते." मग करतेस काय? ती मनोरमाकडे बघते. मनोरमा मान हलवते. नाही, नाही, अशी. दोघींचं काहीतरी खलबत, आणि मी माझ्याच घरात परका.

मी बोललो ते जरा जास्त झालं असेल. म्हटलं, "तूच नादाला लावलंस हिला. समोर बसून तोंडावर बोलायची बाई ही, आता शेजारच्या माणसाला मेसेज करते."

सुरुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो बाबा," म्हणाली, "मेसेज करते. वाचतात तरी त्या." आणि उठून गेली.

मागोमाग मनोरमाही. मी आणि पराग, आम्ही दोघांनी मिळून सिनेमा पाहिला. इंटरव्हलला चहा कोणी दिला नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मनोरमा हॉलमध्ये आली नाही. दार लोटून दोघी आत. आतून हसण्याचा आवाज. मनोरमाचा. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मनातलं लिहायला ही वही आहे, म्हणून लिहितो: मला तिचा राग नाही येत, मला भीती वाटते. हल्ली मी हाक मारली की ती येत नाही. समोर जाऊन उभा राहिलो की हसते. पूर्वी असं नव्हतं. विंगेत उभी राहून ती माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी पुटपुटायची. तेवढं लक्ष माझ्याकडे आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलं नाही, आईनेसुद्धा. ते लक्ष गेलं कुठे? त्या वीतभर काचेत?

तीस तारखेला ती माझ्याशेजारी बसली पाहिजे. बाकी काही नको.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पेन ड्राइव्ह आणला. जितेंद्र फार खूश. "काका, पिक्चर थोडा हिलता है, पर आवाज एकदम फर्स्ट क्लास. वो साइड से एक लेडीज बोलती है ना, जैसे कान में बोल रही है."

कॅमेरा विंगेजवळ ठेवला होता! म्हणजे मनोरमाचा आवाज आलाय! तेविशीतला! हे मात्र तिला सांगणार नाही. तिला तो तिथेच, अचानक ऐकू येऊ दे. तिच्या तोंडाकडे बघायचंय मला तेव्हा.

सुरुचीशी बोललो. एवढा एक दिवस ऐक, म्हटलं. तिने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, त्याच्याआधी एकदा आईंशी नीट बोला ना. समोर बसून." मी म्हटलं, नाटक होऊ दे, मग बोलूच. वेळच वेळ आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो.

मनोरमाने लग्नातली मोतिया साडी काढली होती. सहाच्या आधीच येऊन माझ्याशेजारी बसली. मी मनात म्हटलं, जिंकलो. डबा ठेवला. सुरुचीने फोन मुठीत धरला होता. मनोरमानेच तिला खूण केली, टाक, मला नकोय. तिने टाकला. मी झाकण लावलं.

नाटक सुरू झालं. काय सांगू, मी काय देखणा होतो! पांढरे केलेले केस, वाकलेली कंबर, कानामागे हात. पराग पहिल्यांदा फोनशिवाय बसला होता, त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने नाटक पाहिलं आणि हसला, मनापासून हसला. मी मनोरमाकडे बघत होतो. तिचे डोळे पडद्याला चिकटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं म्हणत असेल.

इंटरव्हल झाला. चहा सुरुचीने केला. मनोरमा चहा घेताना मला म्हणाली, "तात्यांची टोपी माझ्या भावाची होती. आठवतं?" मला आठवत नव्हतं.

मग तिसरा अंक. मी वाक्य विसरतो. पडद्यावर तात्या थांबतात. मी आवाज वाढवला. तात्या वळतात, विंगेपाशी जातात, कानामागे हात. "काय म्हणालात? जरा मोठ्याने!" आणि अगदी जवळून, आपल्या घरातच कोणी बोलावं तसा, एका पोरीचा आवाज, घाबरलेला, हसू दाबलेला: "तात्या, किल्ली तुमच्याच कनवटीला आहे!"

पराग उडालाच. "आई! हा तुझा आवाज?"

मी नाटक थांबवलं. मनोरमा परागकडे बघत होती. मग माझ्याकडे. मग हसली.

"अगं, तुझा आवाज आलाय! ऐकलास ना?" मी मागे नेऊन परत लावलं. किल्ली तुमच्याच कनवटीला आहे. ती आता पडद्याकडे बघत होती, पडद्यावर तर मीच, ती विंगेत, ती दिसणार कुठून? "छान झालंय," ती म्हणाली. मी तिसऱ्यांदा लावलं. आवाज शेवटपर्यंत वाढवला, खिडकीची काच थरथरली. तिच्या तोंडावर काही नाही. तेच हसू. मी इतके महिने या एका क्षणाची वाट बघितली होती.

माझा तोल गेला. मी ओरडलो, "बहिरी झालीस का गं?" आणि सवयीने माझा हात कानामागे गेला. तात्यांसारखा.

"हो, बाबा," सुरुची म्हणाली. "झाल्यात."

त्यानंतर तिने सगळं सांगितलं. उजवा कान ऑगस्टमध्ये गेला, एका दिवसात. डावा आधीच निकामी होत आलेला, आता त्यात अगदी जवळून मोठ्याने बोललं तर थोडंसं कळतं. गणपतीत आरतीच्या टाळ्यांवरून सुरुचीच्या लक्षात आलं. मनोरमाने तिला शपथ घातली, ह्यांना सांगायचं नाही, हे तात्या करून दाखवतील. मग दर रविवारी सुरुची शेजारी बसून पडद्यावरचं एक एक वाक्य तिला मोबाईलवर लिहून पाठवायची. हॉस्पिटलच्या बिलांचं काही नव्हतं. मी डबा ठेवला आणि तिचं तेही बंद केलं. आत दार लावून दोघी बघत होत्या ते खाली अक्षरं येणारे सिनेमे.

परागलाही ठाऊक नव्हतं. कान इकडेच होते त्याचे.

मनोरमा आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. काय चाललंय ते तिला कळलं असावं. पदर सावरून उठली आणि कपबशा गोळा करायला लागली. नाटक तसंच थांबलेलं, पडद्यावर मी, कानामागे हात धरून.

मंगळवार, २ डिसेंबर

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रागच आला होता मला. घरात सगळं चाललेलं आणि नवऱ्याला पत्ता नाही? मी काय राक्षस आहे?

सुरुचीने डॉक्टरांचं सांगितलं. पंचवीस ऑक्टोबरला दोघी साडीला नाही, कानाच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. असा अचानक कान गेला तर पहिल्या आठ-पंधरा दिवसांत औषध सुरू करतात, मग कधी कधी परत येतो. या गेल्या तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. उशीर झाला, तो हा. "मीच ओढत न्यायला हवं होतं," सुरुची रडत होती. "त्या म्हणायच्या, दडा आहे, सुटेल." डाव्या कानाला यंत्र बसवून बघू म्हणतात डॉक्टर, पण जुना आवाज, बारकावे, ते काही परत यायचे नाहीत.

दुपारी मी मनोरमाच्या डाव्या बाजूला बसलो. कानाशी तोंड नेलं. "मला का नाही सांगितलंस?"

ती लगेच बोलली. जणू वाक्य कधीचं तयार होतं.

"सांगितलं होतं. त्याच दिवशी. तुम्ही सिनेमा बघत होतात."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

"तुम्ही म्हणालात, इंटरव्हलमध्ये सांग. मी चहा करून आणला तोवर तुम्ही पुढचं लावलंत."

असं झालं असेल यावर माझा विश्वास नाही. झालंही असेल, तर तिने पुन्हा सांगायला हवं होतं. नवरा-बायकोत एकदाच सांगून मोकळं होतात का? आणि मी काही या वहीची मागची पानं उलटून बघणार नाही. ते तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल.

मी विषय बदलला. नाटक बघताना ओठ का हलत होते, विचारलं.

"सगळं पाठ आहे मला," ती म्हणाली. "अजून. तुम्हालाच कधी नव्हतं."

शुक्रवार, ५ डिसेंबर

परागचा जुना मोबाईल मागून घेतला. मराठी टाइप करायला शिकतोय. एक ओळ लिहिली तोवर बातम्यांमधली बाई चार बातम्या पुढे जाते. सुरुची हे दोन दोन तास कशी करत होती? अंगठे दुखले नसतील तिचे?

पराग आईशेजारी बसला होता आज. दहा मिनिटं. मग त्याचा फोन वाजला.

रविवार, ७ डिसेंबर

सहा वाजले. हॉलमध्ये मी एकटा. टीव्ही लावला नाही. डबा मीच घासून फडताळात ठेवला.

दुपारपासून एक वाक्य पाठ करत होतो. तिला बोलून दाखवायचं, मोबाईलवर लिहून नाही, तोंडाने. सदतीस वर्षांत मी तिला तसं वाक्य कधी म्हटलेलं नाही. आत गेलो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, हातात मोबाईल, सुरुचीने लावून दिलेला सिनेमा. खाली अक्षरं पळत होती आणि ती वाचत होती, हसत होती, अगदी वेळेवर. सुरुची शेजारी डोळे मिटून पडली होती, दमली असावी.

मी उभा राहिलो. वाक्य पार विसरलो. विंगेत आता कोणी नाही.

खांद्याला हात लावला तेव्हा तिने क्षणभर वर पाहिलं. माझे ओठ हलताना दिसले असतील, काहीतरी म्हणत होतो मी, काय ते मलाही सांगता यायचं नाही. ती रागावलेली नव्हती. कामात असलेलं माणूस म्हणतं, तितक्या साधेपणाने म्हणाली,

"इंटरव्हलमध्ये सांगा."

आणि परत मोबाईलकडे वळली. मी पलंगाच्या कडेला बसलो. तिथे बसूनच हे लिहितोय. सिनेमा चालू आहे, ओटीटीवरचा. त्याला इंटरव्हल नसतो.